तोंड मिटून हास

आमच्या दहावीच्या वर्गाचा एक समूह फोटो माझ्याकडे आहे, मार्च १९९८ मधला. शाळेच्या पायऱ्यांवर तीन रांगांत चाळीसेक मुले, मध्ये खुर्च्यांवर गुरुजी आणि बाई, आणि खाली खडूने वर्ष लिहिलेली पाटी. पांढरकवड्याहून बोलावलेला फोटोग्राफर ‘हसा, हसा’ म्हणून ओरडत होता आणि तो जितका ओरडे तितके आम्ही ओठ अधिक घट्ट मिटत होतो. फोटो पाहणाऱ्या परक्या माणसाला वाटावे, की वर्ग फार शिस्तीचा होता. शिस्त वगैरे काही नव्हती. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांचे पुढचे दात तपकिरी होते आणि ते फोटोत येऊ नयेत, एवढे शहाणपण सोळाव्या वर्षी सगळ्यांनाच आलेले असते.

गाव यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातले. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बऱ्याच मुलींची लग्ने अजून व्हायची आहेत.

माझे दुधाचे दात स्वच्छ होते, असे माय सांगते. सातव्या वर्षी वरचे दोन नवे दात आले ते खडूसारखे पांढरेफटक, चमक नसलेले. वर्षभरात त्यांच्यावर आडव्या रेघा उमटल्या, चहाच्या बशीला राहतात तशा, आणि दहाव्या वर्षापर्यंत त्या रेघा पसरून दातांचा वरचा अर्धा भाग काताच्या रंगाचा झाला. मायने सगळे करून पाहिले. कोळसा झाला, मीठ झाले, राखुंडी झाली, कडुनिंबाची काडी झाली; एकदा शेजारणीच्या सांगण्यावरून तिने विटेची वस्त्रगाळ पूड बोटावर घेऊन माझे दात इतके घासले, की हिरड्यांतून रक्त आले आणि मी दोन दिवस भाकर दुधात भिजवून खाल्ली. डाग जागचा हलला नाही. गुरुजी मात्र प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरताना नखे आणि दात तपासत आणि ज्यांचे दात पिवळे असत त्यांना बाजूला उभे करत. अर्धी शाळाच बाजूला उभी असायची. दात न घासणारी पोरे, हे आमचे नाव पडले ते असे.

दोष पाण्याचा होता, हे मला कळले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. खडकातील खनिजांमधून फ्लोराइड भूजलात उतरते आणि पाणी जितके खोलवरचे, जितका काळ खडकाच्या सहवासात राहिलेले, तितके त्याचे प्रमाण साधारणतः वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहान मूल वर्षानुवर्षे प्यायले, तर हिरड्यांखाली घडत असलेल्या पक्क्या दातांचे कवच नीट भरत नाही, सच्छिद्र राहते आणि दात बाहेर आल्यावर त्या छिद्रांत रंग धरत जातो. म्हणजे डाग दिसू लागतो सात-आठ वर्षांच्या वयात, पण तो पडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी, मूल पाळण्यात असताना आणि अंगणात रांगत असताना. मायच्या विटेच्या पुडीने तो निघणार कुठून?

यात हापशीला शिव्या घालणे सोपे आहे, पण मला ते न्यायाचे वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर खोदले गेले, त्यांवर हापश्या बसल्या आणि पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर बुडवणे थांबले, म्हणून तर नारू गेला. माझ्या आजीच्या पिंडरीवर नारूची जखम होती. पायातून निघणारा दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे, असे ती सांगायची. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आजीच्या पायांना ज्या पाण्याने सोडवले त्याच पाण्याने नातीचे दात धरले, एवढेच.

आणि हे एकट्या आमच्याच गावचे नाही. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना काढायला गेला, तर तिथे जन्मलेल्या मुलांच्या दातांवर त्याला हेच तपकिरी डाग दिसले. गावकऱ्यांची कारणे तयार होती: डुकराचे मांस फार खाल्ले, दूध निकस मिळाले. मॅकेने पाण्यावर संशय धरला आणि ते फ्लोराइड आहे हे सिद्ध व्हायला १९३१ साल उजाडले. तीस वर्षे त्या गावची मुलेही फोटोत तोंड मिटूनच बसत असतील का, असा प्रश्न मला ते वाचताना पडला. आमच्याकडे कारण शोधायला तेवढेही लागले नाही, कारण आमच्याकडे खर्रा होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा आमच्याकडच्या प्रत्येक पानठेल्यावर मिळतो आणि तो खाणाऱ्याचे दात लाल-तपकिरी होतात. पुढे पुढे तर काहींचे तोंडच उघडेनासे होते. त्यामुळे तपकिरी दातांचा माणूस दिसला, की बघणाऱ्याच्या मनात निकाल लागलेला असतो. मी उभ्या जन्मात सुपारीसुद्धा चघळलेली नाही. तरीही एसटीत शेजारी बसलेल्या एका म्हातारबाबांनी मला अगदी मायेने विचारले होते, “काऊन वं पोरी, येवढ्या वयात खर्रा खातं का?” मी ‘नाही जी’ म्हटले, तोंडासमोर हात धरून. हात धरल्यामुळे त्यांची खात्रीच पटली असणार.

दिसण्याने माणसाचे काय बिघडते किंवा सुधारते, हा प्रश्न मला नेहमी या म्हातारबाबांपासून सुरू होताना दिसतो. ते मला कुरूप म्हणत नव्हते. त्यांनी माझ्या दातांवरून माझे वळण वाचले होते. चेहऱ्याचा तोटा होतो तो असा, रूपाच्या खात्यात न लिहिता चारित्र्याच्या खात्यात लिहिला जाऊन; आणि म्हणूनच तो बोलून दाखवताही येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

२००५ साली मी बी. ए. होऊन जिल्ह्याच्या गावी एका खासगी वित्तसंस्थेत मुलाखतीला गेले. जागा काउंटरवरची होती. हिशेबाची लेखी परीक्षा मी चांगली दिली होती, हे मुलाखत घेणाऱ्यांनीच सांगितले. मग बोलता बोलता मी कशावर तरी मनापासून हसले, हात वर न्यायचा राहून गेला, आणि समोरच्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिले. पाच मिनिटांनी अत्यंत सभ्य शब्दांत विचारणा झाली, की काउंटरऐवजी आतल्या खोलीत नोंदी करण्याचे काम चालेल का. ग्राहकांशी रोजचा संबंध येतो, तुम्ही समजून घ्यालच. काउंटरचा पगार दोन हजार आठशे होता, आतला दोन हजार दोनशे. मी समजून घेतले. आठ वर्षे त्या आतल्या खोलीत बसले. तिला एकच खिडकी होती आणि ती गोदामाकडे उघडत असे.

महिन्याचे ते सहाशे रुपये माझ्या मनात इतकी वर्षे रुतून बसले, की पुढे या विषयावरचे काही हाती लागले, की मी आधी आकडे शोधते. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवले, की दिसायला सर्वसाधारणपेक्षा कमी ठरवल्या गेलेल्या लोकांना सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी मिळकत होते. पण मला खरा धक्का दिला तो शेरी ग्लीड आणि मॅथ्यू नायडेल यांच्या २०१० सालच्या अभ्यासाने. अमेरिकेत १९४५ पासून अनेक शहरांच्या पाण्यात दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड बेताने मिसळले जाऊ लागले, लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम. अशा शहरांत लहानपण गेलेल्या स्त्रिया तसे पाणी न मिळालेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त कमावतात, असे या दोघांना आढळले. पुरुषांच्या मिळकतीत मात्र काहीच फरक दिसला नाही. तेच द्रव्य बेताने मिळाले तर तिकडच्या बाईच्या पगारात भर पडते आणि बेसुमार मिळाले तर इकडच्या बाईला आतल्या खोलीत बसवते. आणि दोन्हीकडे पुरुषाला कोणी त्याचे दात विचारत नाही.

बैलाचे मात्र विचारतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबा मला बैलबाजारात घेऊन गेले होते. व्यापारी बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने ओढून दात मोजत होते, आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळला, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत होता. बाबांनी हळूच सांगितले होते, “शिंगं तासून तेल लावलं का बुढा बैल बी गोऱ्हा दिसते. पण दात काही तासता येत नाही.” ते वाक्य सतरा-अठरा वर्षांनी पुन्हा आठवले, जेव्हा आमच्या बैठकीत सतरंजीवर पाव्हणे बसले होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत आले होते. मायने स्वयंपाकघरातून निघताना कानात सांगितले होते, “तोंड मिटून हास.” मी तसेच केले. पण मुलाच्या आत्याबाई मुरलेल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातला पेपर उचलून माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “वाच बरं बाई चार ओळी.” मी कापसाच्या भावाची बातमी वाचली. त्या ओळीत ‘प्रतिक्विंटल’ हा शब्द होता, आणि तो ओठ मिटून वाचता येत नाही.

त्यांचा निरोप आला नाही. त्यानंतरच्या तिघांचाही आला नाही. मध्यस्थाकडून एवढे कळले, की पोरगी चांगली आहे, पण काही ‘सवय’ असावी.

पाचवे स्थळ आले ते झरी भागातले. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून. तो समोर बसला, चहाचा घोट घेतला, काहीतरी आठवून हसला आणि त्याचा हात तोंडाकडे गेला. मी ओळखले. त्यानेही मला ओळखले असावे, कारण पुढची दहा मिनिटे आम्ही दोघेही हात खाली ठेवून बोललो, आणि माझ्या लग्नाच्या ठरण्याचे एवढेच कारण आहे, असे मी आजही म्हणते. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र दोघेही गंभीर आहोत. नागपूरच्या एका मावशीने फोटो पाहून विचारले होते, की पोरीच्या मनाविरुद्ध तर झाले नाही ना.

२०१३ साली तालुक्याला दंत तपासणीचे शिबिर लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे तोंड पाहून पहिला प्रश्न विचारला, “लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?” खर्रा खाता का, असे न विचारणारी ती माझ्या आयुष्यातली पहिली व्यक्ती. मला तिथल्या तिथे रडू आले, ते त्यांना बहुधा दुखल्यामुळे वाटले असेल. त्यांनी दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. पहाटे साडेपाचची एसटी, अशा सहा खेपा झाल्या आणि वरच्या सहा दातांना मिळून साडेसात हजार रुपये लागले. कापूस विकून आलेल्या पैशांत ते बसवले आणि घरात सांगताना ‘दाढ दुखते’ असे सांगितले. दुखण्यावर खर्च केला तर चालतो. दिसण्यावर केला तर बाईला जाब द्यावा लागतो.

उपचार कसा असतो, हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आधी दातांभोवती रबराचा पातळ हिरवा पडदा ताणून बसवतात, म्हणजे हिरडी झाकली जाते आणि दात तेवढे बाहेर राहतात. मग आम्लाचा आणि प्युमिसच्या भुकटीचा लेप देऊन कवचाचा वरचा अगदी पातळ थर घासून काढतात. ज्यांचे डाग वरवरचे असतात त्यांचे एवढ्यानेच भागते. माझे खोल होते. त्यामुळे पुढच्या खेपेला दातांचा दर्शनी भाग थोडा तासून त्यावर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट थराथराने चढवायचे ठरले. शिकाऊ डॉक्टर मुलगी माझ्या नातेवाइकांतल्या कुठल्याही मुलीसारखी होती, वर्धेकडची. तिने खोट्या दातांची एक पट्टी माझ्या ओठांजवळ धरली, प्रत्येक दाताखाली रंगाचा क्रमांक. मी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवले. ती म्हणाली, “ताई, तो घ्याल तर दुरून दातच दिसतील, तुम्ही दिसणार नाही. हा ए-३ बघा.” ए-३ चक्क पिवळसर होता. ज्या पिवळ्यासाठी मला शाळेत रांगेबाहेर काढले होते, तोच पिवळा आता पैसे देऊन घ्यायचा होता, कारण तो निरोगी माणसाच्या दाताचा रंग होता. मग निळ्या दिव्याचा प्रकाश, प्रत्येक थराला वीस मोजायचे, पुन्हा थर, पुन्हा वीस. तासण्याच्या यंत्राचा आवाज सुरू झाला तेव्हा मला बाबांचे बैलबाजारातले वाक्य आठवले आणि रबराच्या पडद्याआड मी हसले. ती घाबरून थांबली.

आरसा हाती दिला तेव्हा आनंद झाला, असे मी प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. मी बराच वेळ कोणा दुसरीकडेच पाहत होते. परतीच्या एसटीत खिडकीच्या काचेत पाहून पाहून मी सरावत गेले आणि हिंगणघाटच्या पुढे कंडक्टरने सुटे पैसे परत देताना काही थट्टा केली तेव्हा हसले, तर हात वर गेलाच. तो पुढे दोन वर्षे जात राहिला. वीस-बावीस वर्षांत हाताला पडलेले वळण सुटायला तेवढा वेळ लागणारच.

नोकरीचे म्हणाल, तर त्याच संस्थेत तीन महिन्यांत मला काउंटरवर बसवण्यात आले आणि कारण असे सांगण्यात आले, की अलीकडे तुमचा आत्मविश्वास वाढलेला दिसतो. माझा हिशेब तोच होता, अक्षर तेच होते, आठ वर्षांचा अनुभव तर आतल्या खोलीतच गोळा झाला होता. मला राग आला, आणि मी बढती घेतलीही. वर्षभराने ती नोकरी सोडली आणि आता बचत गटांच्या बायकांना हिशेबाचे आणि बँकेच्या व्यवहाराचे प्रशिक्षण देण्याचे काम करते. पन्नास बायकांपुढे उभे राहून दोन-दोन तास बोलावे लागते. हे काम मी जुन्या दातांनी केले असते का? येत होते सगळे. पण मी ते मागितलेच नसते. माझ्या मते दिसण्याचा सर्वांत मोठा परिणाम इथे होतो, दुसऱ्याने नाकारण्याच्या कितीतरी आधी, अर्ज न करण्यात. प्रशिक्षणात मी पाहते, ज्या बाया बोलताना पदराचे टोक दातांपुढे धरतात त्यांचे कर्जाचे प्रश्न शेवटपर्यंत विचारायचे राहून जातात, आणि सभा संपल्यावर त्या मला दाराशी गाठतात. त्यामुळे मी आता दाराशी जरा रेंगाळतेच.

घरातले मात्र वेगळे घडले. माझे दात झाल्यावर पहिल्या आठवड्यात हे काही बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, “तू आता फोटोतली झाली.” कौतुकच होते ते, पण त्या दिवसापासून माझ्यासमोर हसताना यांचा हात पुन्हा तोंडाकडे जाऊ लागला. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने ज्या बैठकीत हात खाली ठेवला होता, तोच माणूस काही वर्षांनी स्वतःच्या घरात तो वर नेत होता आणि कारण मी होते. मी म्हटले, तुम्हीही करून घ्या, पैसे जमवू. तर म्हणाले, “काट्यावर माझे दात कोण पाह्यते? तिथं तं सगळ्याइचेच असे.” खरेच होते ते, जिनिंगमध्ये निम्म्या माणसांचे खर्ऱ्याने झालेले आणि निम्म्यांचे पाण्याने, आणि कोणाला कशाचे, याची कुणाला पर्वा नाही. पण घरात ते कारण पुरत नव्हते. जवळजवळ वर्षभर आमच्यात एक बारीक अंतर राहिले, भांडण करावे असे काही नाही आणि विसरावे असेही नाही. ते कशाने मिटले, हे मला नेमके सांगता येत नाही. माझ्या एका दाताचे कॉम्पोझिट भुईमुगाच्या शेंगा फोडताना टवकले आणि खालचा तपकिरी दात डोकावू लागला, तेव्हा हे मोठ्याने, तोंड उघडून हसले होते, एवढे आठवते. पुढच्या महिन्यात स्वतःच मला दवाखान्यात घेऊन गेले.

या सगळ्यात एक काका मला वारंवार ऐकवत, की गाडगेबाबा फाटक्या कपड्यांत राहिले, डोक्यावर फुटके गाडगे ठेवून फिरले, त्यांचे काही अडले का? गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले, १८७६ साली शेंडगावात जन्मलेले, त्यामुळे त्यांचे नाव काढले की आमच्याकडे वाद संपतो. माझे म्हणणे असे, की चिंध्या बाबांनी स्वतः निवडल्या होत्या आणि त्या चिंध्यांतला माणूस कीर्तनाआधी आख्खे गाव झाडून काढत असे. जे निवडून घेतले ते व्रत. जे कपाळी मारले गेले त्याला व्रत म्हणता येत नाही. आमच्या गावात बौद्ध वस्तीतल्या एक आजी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या नवऱ्याबरोबर नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या, नेसून गेल्या ते पांढरे लुगडे त्यांनी मरेपर्यंत पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवले होते, आणि ते घेण्यासाठी त्यांनी घरची पितळी परात विकली होती. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्येच महाडला बायकांना सांगितले होते, की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा. आजींना ते भाषण माहीत नव्हते. परात विकल्याचे मात्र त्या अभिमानाने सांगत. साधे राहावे, दिसण्यात काय आहे, असे मला सांगणारी बहुतेक माणसे अशी आहेत, ज्यांना कधी कोणी आतल्या खोलीत बसवलेले नाही.

अर्थात या वाटेवर खड्डेही आहेत आणि त्यांची झळ मुलींनाच जास्त लागते. माझ्या प्रशिक्षणाला येणाऱ्या एका बाईची मुलगी आठवडी बाजारातून विनानावाची गोरे होण्याची ट्यूब आणून लावत होती. आधी महिनाभर चेहरा उजळला, मग लाल झाला, उन्हात आग होऊ लागली, गालांवर लव वाढली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले, की त्यात स्टिरॉइड होते, आणि ते एकदम सोडले की चेहरा आणखी पेटतो. तिच्या कातडीला मुळात काहीही झालेले नव्हते. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या माणसाचा रंग असतो तोच तिचा होता. माझ्या दातांची दुरुस्ती आणि तिची ट्यूब यांत फरक आहे, असे मी ठामपणे मानते, आणि तरीही ती ट्यूब घ्यायला बाजारात गेली तेव्हा तिच्या मनात जे होते ते आणि पहाटेच्या एसटीत माझ्या मनात जे होते ते, यांत मला फारसा फरक करता येत नाही.

फ्लोराइड काढण्याची तुरटी आणि चुन्याची पद्धत, जिला नालगोंडा पद्धत म्हणतात, ती शोधली नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेने. आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरवर. आमच्याकडेही तसे एक यंत्र बसले होते. तुरटी संपली तेव्हा ते थांबले आणि आता त्याच्या टाकीवर शेळ्या चढतात. त्या हापशीवर कधी तरी लाल रंग मारला गेला होता, पाणी पिऊ नये म्हणून. तो रंग उडून गेला आहे आणि लोक आता जारचे पाणी विकत घेतात, ज्यांना परवडते ते.

यंदा दिवाळीला माहेरी गेले तर भावाची मुलगी दुधाचा पडलेला दात दाखवायला धावत आली. सात वर्षांची आहे. मी तिला उजेडात नेले, मोबाइलची बॅटरी लावली आणि हिरडीतून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी वर आलेली नव्या दाताची कड पाहिली. ती कड चमकते आहे की खडूसारखी आहे, हे किती तरी वेळ पाहूनही मला ठरवता आले नाही. आत्या काय पाहते ते न कळून ती खो खो हसत सुटली, तोंड पूर्ण उघडे टाकून, आणि बॅटरीचा उजेड हलू लागला. वहिनी म्हणाली, घरी जारचेच पाणी आहे, ताई, काळजी करू नका. मी विचारले, शाळेत? शाळेत खिचडी कोणत्या पाण्यात शिजते? पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटले की उलट त्याचे प्रमाण वाढतेच. वहिनीला माहीत नव्हते. दुपारी खिचडी करणाऱ्या बाईंच्या घरी जाऊन विचारले, तर त्या म्हणाल्या, “हापशीचंच जी. जार फक्त हापिसात राह्यते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घेतली, कारण फ्लोराइडचा नमुना काचेच्या बाटलीत घेत नाहीत, आणि हापशी बराच वेळ उपसून मग ती भरली. भाचीने हापसून दिले. तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक चिठ्ठी भरायची असते: गाव, स्रोत, तारीख, नमुना आणणाऱ्याचे नाव. ‘तपासणीचे कारण’ या रकान्यापुढे दोन ओळींची जागा होती. खिडकीतल्या माणसाने मान वर करून विचारले, “काय तक्रार हाये पाण्याची, मॅडम? गढूळ येते का?”

“नाही,” मी म्हणाले. “एकदम नितळ आहे.” आणि लिहायला पेन मागितले.